डाव्या खोक्यातला केरुग

लानुस म्हाताऱ्याला कुणी आधी सांगितलं असतं की उतारवयात तू वॅट आणि ओमच्या नादी लागणार आहेस, तर त्याने सांगणाऱ्याला ओसरीवर बसवून कॉफी पाजली असती आणि म्हटलं असतं, उन्हातून आलायस, जरा डोकं शांत होऊ दे. जन्मभर या माणसाने क्लुंगकुंग ते देनपसार बेमो हाकली. त्या डबड्यात माणसं, कोंबड्या, नैवेद्याच्या टोपल्या आणि एखादं डुकराचं पिल्लू असं सगळं एकमेकांच्या मांडीवर बसून जायचं. बेमोचं इंजिन सोडलं तर दुसऱ्या कुठल्या यंत्राची त्याने कधी विचारपूस केली नाही. संध्याकाळी गाडी लावली, आंघोळ केली, की त्याचं गेंदेर बरं आणि तो बरा.

गेंदेर हे एकट्याचं वाद्यच नव्हे. काशाच्या दहा पट्ट्या, खाली बांबूच्या नळ्या, दोन्ही हातांत दोन टिपऱ्या. अशी दोन वाद्यं समोरासमोर मांडायची आणि दोघांनी मिळून एक चीज वाजवायची. डावे हात संथ चाल धरतात. उजव्या हातांची मात्र नुसती पळापळ, आणि तीही अशी की याचा ठोका त्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत पडला पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच माणूस वाजवतोय आणि देवाने त्याला हात जास्त दिलेत. लानुसचा जोडीदार केरुग. दोघं एकाच गुरूकडे शिकले, लग्नंही एकाच वर्षी केली, आणि सावल्यांच्या खेळाला साथ करत गावोगाव हिंडले. लानुस बोलायला लागला की शेजारच्या वाडीतली कुत्री उठून बसायची. केरुग बाजूला लवंगेची सिगारेट ओढत ऐकून घ्यायचा. त्यांची मैत्री टिकली ती बहुधा त्यामुळेच.

गेल्या वर्षी केरुग गेला. त्याला पुरलाय, पण तात्पुरता. एकेकट्याचं दहन आमच्यात कुणाला झेपतं? गावाचं एकत्र दहन ठरलं की हाडं वर काढायची, उंच मनोऱ्यात बसवायची आणि वाजतगाजत न्यायची. यंदा ते ठरलं. मनोऱ्याबरोबर गेंदेर हवंच, आणि केरुगच्या मनोऱ्याबरोबर गुरूंची ती एक चीज हवी, जी गुरूंनी या दोघांखेरीज कुणाला दिली नव्हती. याबद्दल लानुसच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अडचण एवढीच होती की अर्धी चीज त्याच्या हातांत होती आणि उरलेली अर्धी जमिनीखाली.

केरुगच्या जागी बसणार होती त्याची मुलगी आस्तिनी. दवाखान्यात नर्स आहे, बापाकडेच गेंदेर शिकलेली, हात चांगला. पण ही चीज तिला येत नव्हती.

"उवा, तुम्ही शिकवा ना," ती म्हणाली. बापापेक्षा मोठा काका तो आमच्याकडे उवा; रक्ताचं नातं नसलं तरी तिच्यासाठी लानुस उवाच.

"मला माझा अर्धा येतो. तुझ्या बापाचा नाही येत."

"असं कसं? जन्मभर समोर बसून ऐकलंत की."

"ऐकलं ते दोन्ही मिळून ऐकलं बाई. आता तू सांग, भातातलं मीठ नेमक्या कुठल्या शितात असतं?"

मग तिला कॅसेट आठवली. ती लहान असताना देनपसारच्या कलाशाळेतला कुणी विद्यार्थी येऊन ही चीज टेप करून गेला होता. ती कॅसेट लानुसच्या घरी होती आणि त्याच्या जुन्या रेडिओत अजून वाजायची. पण त्या रेडिओला एकच तोंड. दोघांचे ठोके एकाच भोकातून बाहेर पडायचे आणि कोणता कुणाचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"त्या दिवशी माइक दोन होते," आस्तिनी म्हणाली. "एक तुमच्यापुढे, एक बाबांपुढे. मला पक्कं आठवतंय, त्याच्या वायरीत पाय अडकून मी पडले होते. म्हणजे टेपवर बाबा एका बाजूला असणार आणि तुम्ही दुसऱ्या. दोन स्पीकर लावले की एकातून बाबा येतील, एकातून तुम्ही."

तिने आपले इयरफोन काढून दिले. लानुसने बाजारातल्या बाग्योच्या दुकानात बसून ते कानांत घातले, आणि थोड्याच वेळात उपसून परत दिले. म्हणाला, कासं हे कवटीच्या आत वाजवायची वस्तू नाही, त्याला मोकळी हवा लागते. खरं कारण, त्याला गरगरलं होतं. शिवाय त्याला आस्तिनीबरोबर बसून, हातात टिपरी घेऊन ऐकायचं होतं.

हा बाग्यो जावाचा. बाजाराच्या मागच्या अंगाला त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. त्याने एक कॅसेट-डेक आणि जुन्या रेडिओच्या काचेच्या दिव्यांवर बांधलेला एक छोटासा अँप, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, लानुसला स्वस्तात दिला. त्यात खरोखरच दिवे पेटायचे, नारिंगी. लानुसला तो बघताक्षणी आवडला. बाग्यो त्याला बापाक म्हणायचा, म्हणजे बाबा.

"आवाज गोड आहे, बापाक," बाग्यो म्हणाला, "पण याची ताकद जेमतेम पाच वॅटची. स्पीकर जपून निवडा."

"जपून म्हणजे कसं?"

"म्हणजे थोडक्यावर जास्त बोलणारे."

"थोडं खाऊन जास्त बोलणारी एक मी घरीच सांभाळतो," लानुस म्हणाला. "मला कळतं त्यातलं."

कळत काहीच नव्हतं. बाग्योला न विचारता तो बाजारात गेला आणि मांडववाल्याने काढून टाकलेले दोन काळे, धिप्पाड खोके घेऊन आला. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, दोनशे वॅट. पाचाला दोनशेची जोड दिली की काय आवाज होईल, या विचाराने त्याने शेजाऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवली, कोंबड्यांच्या टोपल्या लांब हलवल्या. कॅसेट लावली. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

त्याची बायको रेंतेन ओसरीवर नारळाच्या पानांचे द्रोण विणत होती. ती हात थांबवून ऐकू लागली.

"बेली," ती म्हणाली. इथल्या बायका नवऱ्याला दादा म्हणतात, त्याला काही इलाज नाही. "बेली, एवढ्या मोठ्या पेटीत तो डास कशाला कोंडलाय?"

लानुस एक खोका उचलून तणतणत बाग्योकडे गेला.

"दोनशे म्हणजे तो देतो ते नव्हे," बाग्यो म्हणाला. "तो किती खाऊन पचवू शकतो, ते."

"मग घाल की खायला."

"आपल्याकडे पाचच आहेत ना, बापाक. मागे बघा, चौऱ्याऐंशी लिहिलंय. एका वॅटमध्ये तो किती बोलतो त्याचा हा आकडा. इथे ब्याण्णव-त्र्याण्णव असतं, तर याच पाच वॅटमध्ये अंगण भरलं असतं."

"आठाच्या फरकाने अंगण भरतं?"

"साधा आठ नाही तो. दर तीन वाढले की ताकद दुप्पट धरायची."

"म्हणजे आवाज दुप्पट."

"आवाज दुप्पट नाही वाटत. आवाज थोडासाच जास्त वाटतो."

लानुसने बोटांवर मोजून पाहिलं. "म्हणजे दुप्पट होतं, पण थोडंसंच होतं."

"हां."

"आणि दोनशेवाला पाचावर डास होतो."

"बरोबर. समजलं की तुम्हाला."

समजलं म्हणे! लानुस घरी आला तो जाताना होता त्यापेक्षा दुप्पट गोंधळून. वाडीच्या सभामंडपात त्याने हा विषय काढला, तर तिथे प्रत्येकाच्या खिशात सल्ला तयार. ओम कमी घ्या, म्हणजे आवाज वाढतो, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, कमी ओमवर हा अँप तापून मरेल, दिव्याच्या अँपला त्याने मागितलेत तेवढेच ओम द्यावे. तिसऱ्याच्या मते सगळा खेळ वायरीच्या जाडीचा होता. देवळाच्या पुजाऱ्याने विचारलं, यंत्र ठेवलंय कुठे? समुद्राकडच्या भिंतीला, पादत्राणांच्या बाजूला? मग कसं वाजेल? लानुसने घरी येऊन अँप उचलला आणि डोंगराकडच्या भिंतीशी, उंच पाटावर मांडला. डोंगराची बाजू देवांची, समुद्राची हलकी; निदान एवढं तरी त्याला समजण्यासारखं होतं. रेंतेनने अँपपुढे फुलांचा द्रोण ठेवून उदबत्ती लावली. डास डासच राहिला.

दहनाची तयारी सुरू झाली होती. मनोऱ्याचे बांबू गावात येऊन पडले होते, आणि आस्तिनी रोज संध्याकाळी दवाखान्यातून परस्पर येऊन विचारायची, "झालं का, उवा?" लानुस म्हणायचा, होतंय. त्याला रात्रीचं जेवण गोड लागेना. गुरूंची चीज आपल्या हयातीत बुडाली तर वर जाऊन गुरूंना तोंड कसं दाखवायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे केरुगला तिच्याशिवाय जाळायचं, हे त्याच्याने सहन होईना.

आता याच्या पुढची चूक मात्र आमच्यातलाच माणूस करू जाणे. बाग्योने या वेळी त्याला नीट समजावलं होतं: हलक्या कागदी पडद्याचे, जुन्या पद्धतीचे, मोठ्या पेटीतले स्पीकर बघा. लानुस देनपसारच्या जुन्या बाजारात गेला आणि दोन स्पीकर घेऊन बाग्योच्या दुकानात हजर झाला. एक उंच लाकडी पेटीतला, बाग्योने सांगितला होता अगदी तसा. दुसरा बुटका, चौकोनी, रबरी काठाचा.

बाग्योने दोन्हींकडे पाहिलं. "याची जोडी कुठाय?"

"ही काय, जोडीच आहे."

"बापाक, हे दोन वेगळे आहेत."

"मग? जोडी म्हटल्यावर वेगळेच असणार. सारखे असले तर त्याला जोडी कोण म्हणेल?" लानुसला त्याची कीव आली. जावाचा माणूस, त्याला कोण सांगणार? गेंदेराची जोडी बनवताना कासार एकाच्या पट्ट्या किंचित खालच्या स्वरात ठेवतो, दुसऱ्याच्या किंचित वरच्या. दोन्हींवर एकच पट्टी एकदम वाजवली की मधल्या हवेत लाट उठते, आवाज थरथरतो, जिवंत होतो. दोन्ही तंतोतंत सारखी लावली तर त्या आवाजाला आम्ही मेलेला म्हणतो. लानुसने दुकानदाराकडून तासभर वाजवून घेऊन मुद्दाम असे दोन निवडले होते, की ज्यांचा गळा एकमेकांशी जुळता-जुळता राहील.

"लावून तर बघ," तो म्हणाला.

लावून बघितलं. डावीकडच्या लाकडी पेटीतून केरुग असा काही कडाडला की समोरचा भाजीवाला वळून पाहू लागला. उजवीकडच्या बुटक्यातून लानुस, घशात घास अडकल्यासारखा.

"मेल्यावरही माझ्यावर चढतोय बघ हा," लानुस म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

बाग्यो शहाणा माणूस, तो हसला नाही. "बापाक, लाट तुम्ही दोघांनी त्या दिवशी उठवली होती ना? ती टेपवर आहेच. आता खोक्यांनी स्वतःची लाट घालायची नाही. खोक्यांनी नुसतं निरोप्याचं काम करायचं. दोन निरोपे सारखेच पाहिजेत. नाहीतर एक निरोप ओरडून सांगणार, दुसरा पुटपुटणार."

हे पहिलं बोलणं, जे लानुसला थेट समजलं. त्याने बुटका परत केला. समुद्राकाठचं एक जुनं हॉटेल मोडायला काढलं होतं. तिथल्या नाचाच्या दालनातून बाग्योने त्याला उंच लाकडी पेटीचं जुळं भावंड मिळवून दिलं, ओम अँपला हवे तेवढे, पडदे कागदी, मागे आकडा चौऱ्याण्णव. लानुसने ओसरीच्या दोन टोकांना दोन्ही उभी केली आणि मधोमध आस्तिनीला बसवलं.

पाच वॅटमध्ये अंगण भरलं. डावीकडे केरुग, उजवीकडे लानुस, आणि दोघांच्या मध्ये हवेत ती लाट, जशीच्या तशी. रेंतेन चुलीपासून उठून आली. आस्तिनीने दोन्ही हात तोंडावर घेतले. लानुसने उजवीकडची वायर काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने केरुगला एकट्याला वाजवताना ऐकलं. किती साधं वाजवत होता. एक ठोका, फट, एक ठोका, फट. जणू शेजारी बसलेल्याला बोलायला जागा देत, पुढे सरकत. लानुस रडला, अगदी उघडपणे, शर्टाच्या बाहीला नाक पुसत.

दुसऱ्या दिवसापासून आस्तिनी डाव्या खोक्यापुढे गेंदेर मांडून शिकू लागली. आणि तिसरं काही शुक्लकाष्ठ मागे लागलं नसतं तर लानुसची स्पीकरगिरी तिथेच संपली असती.

चिजेच्या शेवटाकडे एक जागा आहे. चाल एकदम दुप्पट होते, उजवे हात पट्ट्यांवरून धावत सुटतात आणि मग अचानक सगळं थांबतं. त्या जागी उजवा खोका मुका झाल्यासारखा वाटायचा. क्षणभरच. थांबायच्या आधी पुन्हा बोलू लागायचा. लानुसने वायर हलवली, अँप थंड होऊ दिला, डेकचं हेड पुसलं. दर वेळी तिथेच, तेवढाच मुका.

"त्या जागी बाबांचा हात फारच धावतो, उवा," आस्तिनी म्हणाली. "मनगट मोडायची वेळ येते."

"तिथे माझा खोका गप्प बसतो ना, म्हणून तुला तो जास्त वाटतो."

तो खोका बेमोत घालून बाग्योकडे. बाग्योने पडदा दाबून पाहिला, दुसरी गाणी लावून पाहिली. खोका ठणठणीत. लानुस परत घरी. पुन्हा तीच जागा, पुन्हा मुका. आता सभामंडपातले सल्ले नव्याने आले: वेगाच्या जागी पाच वॅट पुरत नसतील, अँप धापा टाकत असेल, मोठा घ्या. लानुसने विचारलं, धापा टाकायच्या तर दोघांनी टाकाव्या, एकच खोका का टाकतो? तरी मोठा अँप घ्या यावर सगळे ठाम होते.

शेवटी बाग्यो स्वतः त्याच्या ओसरीवर आला. त्याने दोन्ही वायरी मागून काढल्या आणि उलटसुलट केल्या. आता उजव्यातून केरुग, डाव्यातून लानुस. कॅसेट त्या जागेवर आली. या वेळी डावा खोका मुका झाला, आणि आजवर मुका होणारा उजवा केरुगचे ठोके धडाधड बोलत सुटला.

"खोक्यांत दोष नाही, बापाक. अँपमध्येही नाही. जे आहे ते टेपवर आहे."

"मग टेप खराब झालीय. बुरशी."

"बुरशी असती तर त्या बाजूचं सगळंच गेलं असतं. नीट ऐका." बाग्योने केरुगची वायर काढून ती जागा पुन्हा लावली. "तुमच्या बाजूला कोंबडा आरवतोय, तो ऐकू येतो. तुमच्या डाव्या हाताची चाल चालूच आहे. फक्त उजवा हात नाही."

लानुस म्हणाला, "उजवा हात नाही म्हणजे?"

बाग्योला गेंदेरातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "मला काय माहीत. मी वायरीपुरता," आणि कॉफी पिऊन निघून गेला.

लानुस बसून राहिला. बुरशी नाही, वायर नाही, ओम नाही. मग काय? त्याने कॅसेट बंद केली, आपलं गेंदेर पुढे ओढलं, आणि केरुग गेल्यापासून पहिल्यांदाच टिपऱ्या हातात घेतल्या. गुरूंकडेही तो कधी एकटा बसला नव्हता. ही चीज शिकवलीच मुळी समोरासमोर बसवून. त्याने सुरुवात केली. एकट्याचं वाजवणं विचित्र लागत होतं, फटीच फटी. ती जागा आली. चाल दुप्पट झाली. त्याचा उजवा हात दोन ठोके धावला आणि पट्ट्यांवर अधांतरी राहिला. जरा पुढे जाऊन पुन्हा खाली आला आणि वाजवू लागला.

त्याने पुन्हा वाजवलं. हात पुन्हा तिथेच अधांतरी. तो हात त्याने डोळ्यांपुढे धरून पाहिला. त्या जागी काय वाजवायचं ते त्याला माहीतच नव्हतं. आवाज माहीत होता. कानांत अख्खी जागा घुमत होती, भरगच्च, वाहती. जन्मभर घुमत आली होती, आणि त्यात आपलेही ठोके आहेत असं तो धरून चालला होता.

मग त्याने केरुगची एकट्याची बाजू लावली, खोक्याला जवळजवळ कान टेकवून. एक ठोका, फट, एक ठोका, फट. जागा आली आणि केरुगने फट ठेवली नाही. स्वतःचा ठोका, लानुसचा ठोका, स्वतःचा, लानुसचा. मनगटं मोडतील अशा वेगाने तो दोघांचं वाजवत गेला, आणि जागा संपताच, जणू काही झालंच नाही अशा बेताने, पुन्हा फट ठेवू लागला.

लानुसला आधी राग आला. असा राग त्याला केरुग जिवंत असताना कधी आला नव्हता. "एका शब्दाने बोलला नाहीस," तो खोक्याला म्हणाला. "एवढं बोललो मी तुझ्याशी, आणि तुला हे एक सांगता आलं नाही?" रेंतेनने आतून विचारलं, बेली, कुणाशी बोलताय? तो म्हणाला, कुणाशी नाही. राग ओसरल्यावर उरली ती लाज, आणि ती काही ओसरेना. रात्रभर तो कुशी बदलत राहिला. उघड आहे, कुणाला कळलं नसतं. आस्तिनीने बापाची बाजू जशीच्या तशी उचलली होती, दोघांच्या ठोक्यांसकट. दहनाच्या दिवशी मनोरा निघाला असता, चीज अखंड वाजली असती, आणि गावाने लानुसची पाठ थोपटली असती की म्हाताऱ्याने बुडती चीज वाचवली.

केरुगच्या अंगणात शेवटची तालीम होती. दिवस कलला नव्हता. मनोऱ्याला सोनेरी कागद चिकटवायचं काम बाजूलाच चाललं होतं, त्यामुळे अर्धी वाडी तिथे हजर. दोन गेंदेरं समोरासमोर मांडली होती. चीज सुरू झाली. आस्तिनीचा हात बापासारखाच साधा, मोकळा. ती जागा आली, लानुसचा हात वर राहिला, आणि आस्तिनीने मान खाली घालून, ओठ चावत, ती सगळी जागा भरून काढली. कागद चिकटवणाऱ्यांनी मान डोलावली.

लानुसने टिपऱ्या मांडीवर ठेवल्या.

"ती जागा तू वाजवू नकोस," तो म्हणाला.

"का? चुकलं काही?"

"नाही. पण त्यातले निम्मे ठोके तुझे नाहीत."

"बाबांच्या बाजूला आहेत, उवा. मी एकेक मोजून घेतलेत."

"आहेत. पण ते माझे आहेत." त्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "तिथे खोका गप्प बसत नव्हता. मी गप्प बसत होतो."

आस्तिनी म्हणाली, "म्हणजे तुम्ही वाजवतच नव्हता?"

"मला वाटायचं, वाजवतोय."

कुणी तरी हसलं आणि मग थांबलं. आस्तिनीने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"हात त्याचेच होते बाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते बापासाठी की समोरच्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग ती हळूच म्हणाली, "उवा, राहू दे ना मग. बाबांनी वाजवलं, तसं मीही वाजवेन. मला जमतंय."

"जमतंय म्हणूनच सांगतोय," लानुस म्हणाला. "माझी जागा मोकळी सोड. मला माझे ठोके शिकायचेत. तुझ्या बापाला पोचवायला निघालोय, त्याच्याच खांद्यावर बसून जाऊ का?"

त्याने टिपऱ्या उचलल्या. पुन्हा सुरुवातीपासून. कागदवाल्यांनी हात थांबवले होते. चाल दुप्पट झाली आणि ती जागा आली. लानुसचा हात धावला, एक ठोका पडला, दुसरा भलत्याच पट्टीवर पडला, आणि मग काहीच पडेना. आस्तिनीचे ठोके एकेकटे पडत गेले, मधल्या फटी सगळ्यांना ऐकू आल्या. तिची टिपरी एका फटीवर आपोआप खाली येऊ लागली होती. ती तिने पट्टीच्या वर, हवेतच धरून ठेवली आणि त्याची वाट पाहिली.